कारखान्याची पायरी गाळून थेट सेवाक्षेत्रावर उडी मारता येते का?

शेवटचा_बाक | सोमवार, २१:४०

नमस्कार मंडळी. लेकीच्या कॉलेजात पुढच्या शनिवारी वादविवाद स्पर्धा आहे. विषय: 'विकसनशील देशांनी कारखानदारीच्या मागे न लागता सेवाक्षेत्राच्या जोरावर प्रगती साधावी.' तिला विषयाच्या बाजूने बोलायचंय. मी म्हटलं, यात काय अवघड आहे? भारताच्या एकूण मूल्यवर्धनात (ढोबळमानाने देशाच्या उत्पन्नात) साधारण ५५ टक्के वाटा सेवांचा, कारखानदारी कित्येक वर्षं १६-१७ टक्क्यांवर अडकलेली. जगाच्या उत्पन्नातही जवळपास दोन तृतीयांश सेवाच. झालं भाषण.

त्यावर ती म्हणते, "बाबा, ५५ टक्के कमाई जिथे होते तिथे ५५ टक्के माणसं का नाहीत? तिथे तर तीसेक टक्केच आहेत. शेतीत अजून पंचेचाळीस." मी "आधी जेवून घे" म्हणून वेळ मारून नेली.

जाणकारांनी मदत करावी. बाजूचे मुद्दे हवेतच, विरोधातलेही टाका. खोडायला आधी माहीत तर हवेत.

जुनाट_इंजिन | सोमवार, २२:१५

मुलीला सांगा, विरोधी बाजू मिळते का बघ. सोपी आहे.

ब्रिटन, जर्मनी, जपान, दक्षिण कोरिया, चीन. कुठलाही मोठा देश घ्या, गरिबीतून बाहेर आला तो कारखान्याच्या दारातून. याचं कारण मी ३२ वर्षं शॉप फ्लोअरवर डोळ्यांनी पाहिलंय. नवी लाइन बसवली की पहिल्या वर्षी जे काम करायला माणसं घाम गाळतात, तेच तिसऱ्या वर्षी निम्म्या वेळात होतं. यंत्र तेच, माणसं तीच. माल जितका जास्त काढाल तितके हात बसतात, आणि मागच्या पुरवठादारांचेही हात बसतात. निकोलस काल्डोर नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६६ साली नेमकं हेच मांडलं होतं: कारखानदारीचं उत्पादन वाढलं की तिची उत्पादकताही वाढते, आणि ती बाकीच्या अर्थव्यवस्थेला ओढून नेते.

आता न्हावी घ्या. वीस वर्षं केस कापले तरी एका डोक्याला वीस मिनिटं लागायची ती लागतातच.

कडू_कारले | सोमवार, २२:२१

काका, माझ्या डोक्याला आता चारच मिनिटं लागतात. उत्पादकता पाचपट. (हलकेच घ्या)

मोजपट्टी | सोमवार, २३:०८

@कडू_कारले, तो कच्च्या मालाचा तुटवडा आहे, उत्पादकता नव्हे.

गंमत सोडा. आधी 'सेवा' म्हणजे काय ते ठरवू, नाहीतर धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल आणि प्रत्येक जण वेगळ्याच गोष्टीबद्दल भांडत असेल. सेवाक्षेत्र ही मुळात उरलंसुरलं टाकायची टोपली आहे. १९३०-४० च्या दशकांत ॲलन फिशर आणि कॉलिन क्लार्क या अर्थतज्ज्ञांनी अर्थव्यवस्थेचे तीन भाग केले. जमिनीतून येतं ते पहिलं, कारखान्यात घडतं ते दुसरं, आणि या दोन्हींत बसत नाही ते सगळं तिसरं. त्यामुळे हृदयाची शस्त्रक्रिया करणारा आणि त्याच इस्पितळाच्या फाटकावरचा रखवालदार एकाच रकान्यात. बँकेचा प्रमुख आणि सिग्नलवर पेन विकणारा पोरगाही एकाच रकान्यात.

सेवा मोजाव्यात की नाही यावरही जुना वाद आहे. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये नोकरचाकर, धर्मोपदेशक, वकील, वैद्य, नट आणि गवई या सगळ्यांचे श्रम 'अनुत्पादक' ठरवून टाकले होते. सोव्हिएत पद्धतीच्या राष्ट्रीय हिशेबात तर शिक्षण, आरोग्य, प्रवासी वाहतूक हे उत्पन्नात धरतच नसत. जुनाट_इंजिन काका तिकडे खूश राहिले असते.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तरही या टोपलीतच आहे. ५५ टक्क्यांतला मोठा वाटा सॉफ्टवेअर, वित्त, दूरसंचार अशा थोड्या माणसांच्या, भरपूर कमाईच्या धंद्यांतून येतो. माणसं मात्र किरकोळ विक्री, वाहतूक, घरकाम यांत जास्त आहेत. तीस टक्क्यांची सरासरी काढली की दोन्ही लपतात.

जुनाट_इंजिन | मंगळवार, ०७:५०

सोव्हिएत वगैरे काही नाही. शिक्षण-आरोग्य हवंच. पण त्याचे पैसे कुठून येणार ते सांगा.

रात्रपाळी | मंगळवार, ११:३२

मी नऊ वर्षं कॉल सेंटरमध्ये होते, त्यातली दोन मनिलात, नव्या मुलांना शिकवायला. म्हणजे आम्ही तिकडे शिकवायला गेलो आणि ती मंडळी आमचंच काम घेऊन पुढे गेली! फोनवर बोलण्याच्या कामात फिलिपिन्सने २०१० च्या सुमारास भारताला मागे टाकलं.

तिकडे या धंद्याने काय केलं ते जवळून पाहिलंय. रात्री दोन वाजता ऑफिसच्या इमारतींभोवती दिवसासारखी वर्दळ. बँका, दवाखाने, दुकानं, बससेवा, सगळं रात्रपाळीच्या तालावर. माझ्या हाताखालची एक मुलगी तिच्या पगारात दोन भावांचं शिक्षण आणि आईचं औषधपाणी बघायची. २०२३ च्या सुमारास या क्षेत्रात १७ लाखांच्या आसपास माणसं होती आणि वर्षाची कमाई ३५ अब्ज डॉलरच्या वर. छोटी गोष्ट नाही.

पण दुसरी बाजू: त्या देशात काम करणारी माणसं पाच कोटींच्या घरात आहेत. त्यात १७ लाख म्हणजे किती? आणि आत शिरायला इंग्रजी फाडफाड हवं. मुलाखतीला दहा जण आले तर आम्ही एखाद-दोघांना घ्यायचो. माझ्या एका तुकडीत नर्सिंग झालेले चार जण आणि एक माजी शाळामास्तर होता. मास्तर शाळा सोडून क्रेडिट कार्डाच्या तक्रारी ऐकायला आला, कारण पगार जास्त. देशाच्या उत्पन्नात भर पडली हे खरं, पण त्याच्या वर्गातल्या मुलांचं काय झालं कोण जाणे.

शिवणटिपण | मंगळवार, १२:४७

रात्रपाळीच्या मुद्द्याला जोडून. मी तयार कपड्यांच्या खरेदीत आहे, ढाक्याच्या कारखान्यांत वर्षातून तीन-चार फेऱ्या होतात. बांगलादेशाच्या निर्यातीत ८० टक्क्यांहून जास्त वाटा कपड्यांचा आणि कामगार ४० लाखांच्या आसपास, त्यांत बाया जास्त.

तिथल्या एका सुपरवायझर बाईंना विचारलं होतं, नवी मुलगी कामाला किती दिवसांत लागते? म्हणाल्या, सरळ शिलाई असेल तर दोन-तीन आठवडे, बाही लावायला जरा जास्त. पाचवी-सहावी शिकून गावाकडून आलेली मुलगी तीन आठवड्यांत शेतमजुरीपेक्षा जास्त कमवायला लागते. मनिलाच्या त्या मुलाखतीच्या दारात हीच मुलगी उभी राहिली असती तर?

शिकलेल्या माणसाला पगार देणारे धंदे पुष्कळ आहेत. न शिकलेल्या लाखो माणसांना लगेच, एकदम बरा पगार देणारा धंदा मला तरी कारखान्याशिवाय दिसलेला नाही. तिथे सगळं छान चालतं असं म्हणत नाही. २०१३ मध्ये राणा प्लाझाची इमारत कोसळून ११०० हून जास्त माणसं गेली. त्यानंतर तपासण्या वाढल्या, पण त्यासाठी इतके जीव जावे लागले.

रिकामटेकडा | मंगळवार, १२:५५

वाचतोय. शेवटचा_बाक यांची लेक हरणार असं दिसतंय.

बंदरावरचा | मंगळवार, १९:२०

थांबा थांबा. पोरीच्या बाजूने कुणीतरी बोला.

मी २६ वर्षं मर्चंट नेव्हीत काढली. 'सेवांची उत्पादकता वाढत नाही' असं म्हणणाऱ्याला मी एकच गोष्ट सांगतो, कंटेनर. जुने लोक सांगायचे, गोणी, पिंपं, पेट्या एकेक करून चढवायच्या-उतरवायच्या, त्यामुळे जहाज समुद्रात जितके दिवस असायचं जवळपास तितकेच बंदरात. मग १९५६ च्या एप्रिलमध्ये 'आयडियल एक्स' नावाचं जहाज नेवार्कहून ५८ कंटेनर, म्हणजे आधीच माल भरलेली मोठी खोकी, घेऊन ह्यूस्टनला गेलं आणि सगळा खेळच बदलला. दिवसांचं काम तासांवर आलं. मालवाहतूक म्हणजे सेवाच ना? मग न्हाव्याचं उदाहरण देऊन सगळ्या सेवाक्षेत्राला झोडपणं बरं नव्हे.

आणि काका, तुमच्या कारखान्याचा माल बंदरात आठ दिवस पडून राहिला तर तुमची लाइन कितीही वेगात पळू दे, गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. समुद्रकिनारा नसलेल्या देशांच्या व्यापाऱ्यांना विचारा. कारखाना उभारणं एक वेळ सोपं, पण रस्ता, जकात, विमा, बँकेची हमी आणि वीज या सगळ्या सेवा धड नसतील तर कारखाना नुसती पत्र्याची शेड. वीज उद्योगात धरतात असं मोजपट्टी म्हणतील, म्हणून ती मीच वगळतो.

मोजपट्टी | मंगळवार, १९:४१

धन्यवाद, म्हणणारच होतो.

जुनाट_इंजिन | मंगळवार, २०:०५

कंटेनर लोखंडाचा असतो. तो कारखान्यात बनतो. क्रेनही.

बंदरावरचा | मंगळवार, २०:०९

आणि कारखान्यात तो पोचतो कशाने? पाठीवरून?

मोजपट्टी | मंगळवार, २१:५०

तुम्ही दोघे बरोबर आहात, म्हणून तर हा वाद मिटत नाही. मूल्यवर्धनाच्या हिशेबाने, म्हणजे किमतीत कुणी किती भर घातली ते मोजून, पाहिलं तर जगाच्या व्यापारातला जवळपास निम्मा हिस्सा सेवांचा निघतो. नुसत्या सीमाशुल्काच्या कागदावर तो त्याहून बराच कमी दिसतो, कारण सेवा वस्तूच्या पोटात बसून जाते. गाडी विकली तर तिच्यात आरेखन, सॉफ्टवेअर, वाहतूक, जाहिरात, कर्ज सगळं आलंच.

उलटीही गोष्ट होते. अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी १९८४ मध्ये याबद्दल लिहिलं होतं. समजा एका कारखान्यात रंगकाम करणारे स्वतःचे चाळीस कामगार आहेत. मोजणीत ते 'उद्योगा'त. उद्या मालकाने रंगकाम बाहेरच्या ठेकेदाराला दिलं. तीच माणसं, तेच काम, तीच शेड, पण आता मोजणीत 'सेवा'. देशाचं सेवाक्षेत्र वाढलं! सुरक्षा, कँटीन, साफसफाई, पगारपत्रकं, सगळ्यांचं हेच. त्यामुळे 'सेवांचा वाटा वाढला' असं वाचलं की मी आधी विचारतो, खरंच काही वाढलं की रकाना बदलला?

(अर्थात हे सगळं काही रकान्यांमुळे नाही. खरी वाढही भरपूर आहे.)

हातगाडी | मंगळवार, २२:३०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक_मंडळ | मंगळवार, २२:४४

कुठल्या सरकारने काय करायला हवं होतं यावरचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढा. तोही उडवू.

बाराखडी | बुधवार, ०९:१५

शेवटचा_बाक, तुमच्या लेकीला केनियाचं उदाहरण द्या. २००७ मध्ये तिथे एम-पेसा सुरू झालं. साध्या, बटणांच्या फोनवरून पैसे पाठवायचे आणि कोपऱ्यावरच्या एजंटाकडून रोख घ्यायचे. तोवर शहरात काम करणारा माणूस गावाकडे पैसे पाठवायचा तो बसवाल्याच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या हाती. पोचले तर पोचले.

तवनीत सूरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये याच्या परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा अंदाज असा की या सेवेमुळे १,९४,००० कुटुंबं, म्हणजे केनियातली साधारण २ टक्के घरं, दारिद्र्यातून वर आली. आणि सुमारे १,८५,००० बायका शेती सोडून छोट्या धंद्याकडे वळल्या. त्या कंपनीत एवढ्या बायकांना नोकऱ्या लागल्या असं नाही. पैसा सुरक्षित ठेवता यायला लागला, अडीनडीला नातेवाइकांकडून लगेच मिळायला लागला, म्हणून स्वतःचं काहीतरी सुरू करायची हिंमत आली.

किती लोकांना कामाला लावलं एवढ्यावरच सेवेची किंमत का करायची? ती नसताना बाकीच्यांचं काय अडून राहिलं होतं तेही बघा.

शिवणटिपण | बुधवार, १०:०२

हा मुद्दा पटला. माझ्या लाइनवरच्या मुलीही आता पगार फोनवरच घेतात. आधी पगाराच्या दिवशी नवरे गेटवर उभे असायचे.

अळवावरचं_पाणी | बुधवार, १३:१०

पर्यटनाबद्दल कुणीच बोललं नाही? न शिकलेल्यांना काम देणारी सेवा म्हणजे हीच ना. मालदीवने मासेमारीवरून पर्यटनावर येऊन इतकी मजल मारली की २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अल्पविकसित देशांच्या यादीतून नाव बाहेर पडलं.

फक्त एक कळ दाबली की सगळं बंद. २०२० मध्ये जगभरातले परदेशी पर्यटक एका वर्षात ७० टक्क्यांहून जास्त घटले. श्रीलंकेला तर २०१९ च्या ईस्टरच्या बॉम्बस्फोटांचा तडाखा आधीच बसला होता, वर हे. २०२२ मध्ये त्यांच्याकडे इंधन आणायला परकीय चलन उरलं नाही, त्याची कारणं बरीच होती, पण आटलेलं पर्यटन त्यातलं एक होतंच. कारखान्याचा माल गोदामात ठेवता येतो हो. गेल्या मोसमातली रिकामी खोली या मोसमात विकता येत नाही.

निम्मा_रस्ता | बुधवार, २२:१८

उशिरा आलो, सगळा धागा एका बैठकीत वाचला. दोन गोष्टी.

पहिली, न्हावी. जुनाट_इंजिन म्हणतात तसं त्याचा वेग वाढत नाही. अर्थतज्ज्ञ विल्यम बाउमोल यांनी १९६० च्या दशकात हेच तंतुवाद्यांच्या चौकडीबद्दल सांगितलं: जी रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसं आणि अर्धा तास लागायचा, तिला आजही तेवढंच लागतं. पण मग श्रीमंत देशातला न्हावी गरीब देशातल्या न्हाव्याच्या कित्येक पट कसा कमावतो? कात्री तीच, हात तेच. तर आजूबाजूचे कमावतात म्हणून. त्याला कमी दिलं तर तो दुकान बंद करून कारखान्यात जाईल. म्हणजे न्हाव्याचं उत्पन्न दुसऱ्या कुणाच्या उत्पादकतेवर चढतं. गरीब देशात सगळ्यांनीच एकमेकांचे केस कापायचे ठरवले तर उत्पन्न कुणाच्या जोरावर चढणार? कुणाला तरी बाहेर काहीतरी विकावं लागेल. कपडे, सॉफ्टवेअर, पर्यटन, काहीही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. काका म्हणतात तो कारखान्याचा जिना खरा आहे, पण तो अरुंद होत चाललाय. अर्थतज्ज्ञ दानी रॉड्रिक यांनी याला अकाली उद्योगघसरण असं नाव दिलंय. त्यांनी दिलेले आकडे पाहा: ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धाआधी कामकऱ्यांपैकी साधारण ४५ टक्के कारखानदारीत होते. दक्षिण कोरियात हे शिखर १९८० च्या दशकाच्या अखेरीस २८ टक्क्यांच्या आसपास आलं. ब्राझीलला १६ टक्क्यांवर आणि भारताला १३ टक्क्यांवरच उतार लागला, तोही देश अजून गरीब असताना. यंत्रं माणसं कमी मागतात, आणि चीनशी किमतीत टक्कर द्यायची असते. उद्या एखाद्या आफ्रिकी देशाने उत्तम कारखाना उभारला तरी त्यात चाळीस वर्षांपूर्वीइतकी माणसं लागणार नाहीत.

त्यामुळे 'कारखाना की सेवा' असा निवडीचा प्रश्न कितपत खरा आहे? बऱ्याच देशांतली माणसं शेतातून निघून सेवांमध्ये आधीच जाऊन बसलीत, कुणी निवड केली म्हणून नव्हे, दुसरं दार उघडं नव्हतं म्हणून. आता प्रश्न उरतो तो त्या फाटकावरच्या रखवालदाराचा. त्याची कमाई कशी वाढेल?

कडू_कारले | बुधवार, २२:३१

माझ्या टकलाची एवढी सखोल चर्चा घरातही होत नाही.

जुनाट_इंजिन | गुरुवार, ०७:३५

निम्मा_रस्ता, जिना अरुंद झालाय हे मान्य करतो. आमच्याच शेडमध्ये मी आलो तेव्हा वेल्डिंगला साठ जण होते. निवृत्त झालो तेव्हा अकरा आणि बाकी रोबॉट. माल मात्र दुप्पट निघत होता. मनात होतं, पण इथे लिहायला जड जात होतं.

तरी अरुंद आहे म्हणून जिना तोडू नका एवढंच.

रात्रपाळी | गुरुवार, ११:०६

आणि सेवांचा जिनाही रुंद राहील याची खात्री नाही हो काका. आमच्या जुन्या टीममधल्या साध्या तक्रारी आता चॅटबॉट बघतो, माणसाकडे येतात त्या चिडलेल्याच. ज्या कामावरून नवी पोरं शिकत शिकत वर यायची तेच काम आधी गेलं. रोबॉटने तुमचं केलं ते आता आमचं.

मोजपट्टी | गुरुवार, १३:२२

रखवालदाराच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, पण एक दिशा कोस्टा रिकात दिसते. १९९७ मध्ये इंटेलने तिथे चिप जुळवणीचा कारखाना काढला. २०१४ मध्ये जुळवणी बंद करून आशियात नेली. सगळ्यांना वाटलं, संपलं. पण सेवा केंद्र आणि अभियांत्रिकीचं काम तिथेच राहिलं, वाढलं. कारखान्याच्या निमित्ताने शिकलेली माणसं तयार होती म्हणून ते शक्य झालं. पुढे काही वर्षांनी जुळवणीसुद्धा परत आली होती; २०२५ मध्ये मात्र इंटेलने ती पुन्हा आशियात हलवायचं जाहीर केलं.

काका आणि बंदरावरचे, दोघांनीही हे आपापल्या बाजूचं उदाहरण समजावं.

शेवटचा_बाक | रविवार, १०:१२

सगळ्यांचे मनापासून आभार. निकाल सांगतो.

ऐन वेळी बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवल्या आणि लेकीला विरोधी बाजू आली! आठवडाभर केनिया आणि मालवाहतूक पाठ केलेली. पण तिने सगळा धागा वाचला होता, म्हणून शिवणटिपण यांची तीन आठवड्यांत शिकणारी मुलगी आणि मनिलाचे मास्तर यांच्यावर तिने भाषण उभं केलं. परीक्षकांनी विचारलं, "कारखान्यातल्या नोकऱ्या यंत्रांनी खाल्ल्या तर तुमच्या त्या मुलीने कुठे जायचं?" ही म्हणाली, "मला माहीत नाही, पण तिला सहावीनंतर शाळेत ठेवलं असतं तर तिने स्वतः ठरवलं असतं." दुसरा नंबर आला.

पहिला नंबर आलेल्या मुलाने सुरुवातच १९५६ च्या त्या जहाजापासून केली. खोक्यांच्या आकड्यासकट. बंदरावरचा, तुमच्या घरात कुणी कॉलेजला आहे का?

बंदरावरचा | रविवार, १०:४०

भाचा आहे. पण तो इकडे फिरकत नाही असं मला सांगतो.

मोजपट्टी | रविवार, १०:५२

खोकी किती म्हणाला? ५८ च ना?